पाच आहारपत्रके: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आहारपत्रकांचे काम आजपासून रीतसर सुरू केले. पुण्यातील आमच्या धर्मादाय दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना औषधे कागदावर लिहून मिळतात, आहार मात्र तोंडी सांगितला जातो. तेही पुढचा रुग्ण दारात उभा असताना, त्यामुळे "हलके खायला द्या" या तीन शब्दांपलीकडे घरी काहीही पोहोचत नाही. हलके म्हणजे बहुतेक घरांत दूध-पोळी किंवा दहीभात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला दूध-दह्यातला फॉस्फरस नको असतो, स्वादुपिंडाच्या रुग्णाला साय नको असते आणि मांजराला पोळी कुठल्याच आजारात उपयोगाची नसते, हे त्या तीन शब्दांत मावत नाही.

पाच पत्रके ठरवली आहेत: कुत्र्याचा जुनाट मूत्रपिंडविकार, स्वादुपिंडाचा दाह, मांजराचे मूत्रखडे, लठ्ठपणा आणि अन्नाची ॲलर्जी. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी कंपन्यांचे तयार उपचारात्मक खाद्य हाच पहिला सल्ला राहील. दवाखान्यात आम्ही त्याला 'रीनलचे पाकीट' (मूत्रपिंडविकारासाठी), 'युरिनरीचे पाकीट' (मूत्रखड्यांसाठी) असे म्हणतो. पत्रके लिहायची ती दर महिन्याला ते पाकीट घेऊ न शकणाऱ्यांसाठी, आणि पाकीट घेऊनही जनावर त्याला तोंड लावत नाही अशा घरांसाठी.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर वाचन केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होते. त्याआधी, २०१२ साली, मूत्रपिंडविकारासाठी सुचवलेल्या ६७ पाककृतींची अशीच छाननी झाली होती आणि त्यांतली एकही सर्व निकषांना उतरली नव्हती. हे वाचल्यावर घरगुती आहाराचे पत्रक काढण्याचा उत्साह निम्मा होतो, आणि तो तसा झालेलाच बरा.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. मूत्रपिंडविकार असलेल्या ३८ कुत्र्यांचा दोन वर्षे चाललेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात रीनल आहारावरील कुत्र्यांना रक्तात विषारी द्रव्ये साचून येणाऱ्या अत्यवस्थतेचा धोका साध्या आहारावरील कुत्र्यांपेक्षा सुमारे तीन चतुर्थांशाने कमी राहिला. मांजरांवरील २००६ च्या अभ्यासात ४५ मांजरे होती. रीनल आहारावरील गटात अशी अवस्था एकाही मांजराला आली नाही, साध्या आहारावरील गटात सुमारे चौथ्या हिश्शाला आली. मूत्रपिंडविकारात हाती असलेल्या उपायांपैकी इतका भक्कम पुरावा फार थोड्यांमागे आहे, आणि तरीही आपण तो उपाय तीन शब्दांत उरकतो.

वाचता वाचता एक जुनी हकीकत पुन्हा समोर आली. अमेरिकेतील न्यू जर्सीचे पशुवैद्य मार्क मॉरिस यांच्याकडे १९३९ च्या सुमारास मॉरिस फ्रँक या दृष्टिहीन गृहस्थांची बडी नावाची मार्गदर्शक कुत्री आली. तिची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. तिच्यासाठी बेतलेला आहार प्रथम घरच्या स्वयंपाकघरातच शिजला. बरण्या वाटेत फुटू लागल्या म्हणून तो डबाबंद झाला, आणि १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथील हिल कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले. आज आपण ज्याला पाकीट म्हणतो त्याची सुरुवात चुलीवरच झाली होती.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत होती, आणि आज सकाळी साडेनऊला नऊ वर्षांची स्पिट्झ (घरच्यांच्या भाषेत पॉमेरियन) पाठ कमानीसारखी करून, सतत उलट्या करत आली. तुपात बुडवलेल्या दोन गुळपोळ्या आणि भोगीच्या भाजीतले तेल एवढे तिच्या पोटात गेले होते. तपासणीत स्वादुपिंडाचा दाह निघाला. अशा रुग्णाला तीन-तीन दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. उलट्या आटोक्यात आल्या की लवकरात लवकर थोडे थोडे, कमी चरबीचे अन्न सुरू करायचे असते.

या पत्रकाचा गाभा सोपा आहे: कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीचे उकडलेले मांस, मऊ भात, वरून तेल-तूप नाही, आणि दर १,००० किलोकॅलरीमागे चरबी २० ते २५ ग्रॅमच्या आत. ते आजच लिहून झाले. निषिद्ध पदार्थांची चौकट मात्र सगळ्याच पत्रकांवर छापायची आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकावरून लिहावी लागेल. इंग्रजी पत्रकांत द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असते. आपल्याकडे कुत्र्याला कोणी मूठभर कांदा घालत नाही, पण आमटीत कालवलेली पोळी रोज घालतात. त्या आमटीत कांदा-लसूण असतो आणि चिंचही असते. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे का बिघडतात याचा अलीकडचा संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि हे आम्ल चिंचेत भरपूर असते. चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. म्हणून चौकटीतली पहिली ओळ 'आमटी-पोळी नको' अशी ठेवली, आणि दुसरी 'शिऱ्यातल्या मनुका काढून दिला तरी नको' अशी.

२० जानेवारी, सोमवार

आजचा अर्धा दिवस वाट्या मोजण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला. पत्रकात 'दोन वाट्या भात' असे लिहिले होते. सहज म्हणून दवाखान्यातल्या तिघांना घरची वाटी आणायला सांगितली आणि एकाच पातेल्यातला भात तिन्ही वाट्यांत सपाट भरून काट्यावर ठेवला. वजने आली ९५, १३८ आणि १८२ ग्रॅम. मदतनीस मावशी म्हणाल्या, "सपाट कोण वाढतं डॉक्टर? वाढायचं म्हणजे शीग लावूनच." शीग लावल्यावर सर्वांत लहान वाटीतही १३० ग्रॅम भात मावला.

म्हणजे 'दोन वाट्या' या सूचनेचा अर्थ घरोघरी १९० ग्रॅमपासून साडेतीनशे ग्रॅमच्याही पुढे जातो. लहान कुत्र्याच्या बाबतीत एवढ्या फरकात त्याचा अर्धा दिवसाचा आहार मावतो. ठरले ते असे: पत्रकातील प्रत्येक माप ग्रॅममध्ये राहील, आणि ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी आपली नेहमीची वाटी दवाखान्यात आणायची. आम्ही ती सपाट भरून मोजू आणि 'आपली वाटी = … ग्रॅम भात' ही ओळ त्यांच्यासमोर हाताने भरून देऊ.

३ फेब्रुवारी, सोमवार

मांजरांचे पत्रक हातावेगळे केले आणि त्यात घरगुती पाककृती अजिबात न देण्याचा निर्णय घेतला. सहकारी डॉक्टरांना तो पटलेला नाही. माझे म्हणणे असे की मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय फुगते, हे अमेरिकी पशुवैद्य पॉल पायन यांनी १९८७ साली दाखवून दिले, आणि मांस उकडून पाणी ओतून दिले की त्यातले टॉरिन बरेचसे पाण्याबरोबर जाते. त्यातून स्ट्रुव्हाइट या खनिजाचे खडे विरघळवायचे तर मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि लघवीची आम्लता एकाच वेळी हव्या त्या मर्यादेत ठेवावी लागते. हे घरच्या पातेल्यात साधेल यावर माझा विश्वास नाही. युरिनरीच्या ओल्या खाद्यावर असे खडे बहुधा काही आठवड्यांत विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र कोणत्याही आहाराने विरघळत नाहीत, म्हणून आधी निदान आणि मग पत्रक.

घरच्यांनी करायचे ते पाण्याचे काम: ओले खाद्य, त्यात आणखी दोन चमचे कोमट पाणी आणि घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी. सुकट आणि खारवलेले बोंबील बंद. पत्रकाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एकच वाक्य ठेवले आहे: बोका लघवीला बसतो आहे आणि थेंबही येत नाही असे दिसले तर हे पत्रक बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठावा.

१० फेब्रुवारी, सोमवार

मूत्रपिंडाच्या पत्रकाची पहिली प्रत प्रत्यक्ष वापरायला मोती मिळाला. गावठी कुत्रा, वय ११ वर्षे, वजन १२ किलो. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की वाढणारे टाकाऊ द्रव्य) ३.१ आणि फॉस्फरस ६.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाच्या वर्गवारीनुसार कुत्र्यात २.९ ते ५.० क्रिएटिनिन म्हणजे तिसरा टप्पा, आणि या टप्प्यात फॉस्फरस ५.० च्या खाली आणणे हे उद्दिष्ट असते. मोतीचे खाणे-पिणे घरातल्या आजींकडे आहे. त्यांचा मुलगा सोबत आला होता, पण प्रश्न सगळे आजींनीच विचारले.

हिशेब असा मांडला. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज म्हणजे वजनाच्या ०.७५ घाताला ७० ने गुणायचे. १२ किलोला ती सुमारे ४५० किलोकॅलरी येते, आणि घरात शांतपणे राहणाऱ्या वयस्क कुत्र्यासाठी तिची १.४ पट धरली तर दिवसाला ६३० च्या आसपास. त्यासाठी शिजलेला पांढरा भात २५० ग्रॅम, एक पूर्ण अंडे, आणखी तीन अंड्यांचा पांढरा बलक, कोरडा मोजून शिजवलेला साबुदाणा २५ ग्रॅम आणि तूप १० ग्रॅम. यातून प्रथिने सुमारे २४ ग्रॅम आणि फॉस्फरस सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आत राहतो.

पांढऱ्या बलकावर भर देण्याचे कारण असे की त्यातली प्रथिने उत्तम प्रतीची असतात आणि १०० ग्रॅममागे फॉस्फरस अवघा १५ मिलिग्रॅम असतो. तेवढ्याच कोंबडीच्या मांसात तो दोनशेच्या पुढे जातो. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, त्यामुळे मूत्रपिंडावर भार न टाकता पोट भरणारी ऊर्जा त्यातून मिळते. उपासाला पचायला जड म्हणून बदनाम झालेला हा पदार्थ या एका रुग्णाला इतका सोयीचा असावा याची मला गंमत वाटते.

हा केवळ सांगाडा आहे हे पत्रकात दोनदा लिहिले. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे मोजून दिलेले मिश्रण त्यात घातल्याशिवाय तो पूर्ण आहार होत नाही. कॅल्शियमसाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा अंड्याच्या कवचाची बारीक पूड चालते, हाडांची पूड मात्र चालत नाही, कारण जो फॉस्फरस आपण बाहेर काढतो तोच तिच्यातून परत आत जातो. माशाच्या तेलाच्या जागी औषधांच्या दुकानातून कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या आणू नयेत, त्यांत अ आणि ड जीवनसत्त्व असते, हेही लिहिले. फॉस्फरस बांधणारी पावडर अद्याप दिलेली नाही. आहाराचा परिणाम आधी स्वतंत्रपणे पाहायचा आहे. चार आठवड्यांनी रक्ततपासणी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लठ्ठपणाच्या पत्रकासाठी ३८ किलोचा लॅब्रॅडॉर घेतला आहे, ज्याचे वजन ३० किलो असायला हवे. ३० किलोच्या हिशेबाने विश्रांतीची गरज सुमारे ९०० किलोकॅलरी येते आणि सुरुवात तिथूनच करायची, आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के घट या बेताने. घरात माणसे सहा, आणि प्रत्येक जण सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबर त्याला एकेक ग्लुकोज बिस्कीट देतो. बारा बिस्किटांच्या अडीचशेच्या वर किलोकॅलरी झाल्या, म्हणजे ठरलेल्या आहाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक, आणि "तो तर काहीच खात नाही" हे सहाही जण मनापासून सांगत होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या जातीतल्या साधारण एक चतुर्थांश कुत्र्यांत भूक न शमण्याशी जोडलेला जनुकीय बदल असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले आहे. आता दिवसाची बिस्किटे सकाळीच एका डबीत काढून ठेवायची आहेत, चारच, आणि डबी रिकामी झाली की संपले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र असल्याने दवाखाना अर्धा दिवस होता. मोतीच्या आजींचा फोन आला: "आज घरात सगळ्यांचाच साबुदाणा आहे, त्यातलाच मोतीला दिला तर चालेल ना?" चालेल, असे मी घाईत सांगितले. ॲलर्जीच्या पत्रकाचा मसुदा संपवला: आठ आठवडे एकच, पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले) खाद्य, आणि त्या काळात मांसाच्या स्वादाची चघळायची औषधेसुद्धा बंद.

१० मार्च, सोमवार

मोतीचा फॉस्फरस ६.३ आणि क्रिएटिनिन ३.२. चार आठवड्यांत काहीच हलले नाही. वजन स्थिर आहे आणि भूक चांगली आहे, म्हणजे अन्न पोटात जात होते. मग कोणते अन्न जात होते, हा प्रश्न उरला. मी आजींना दुपारचे जेवण डब्यात घालून आणायची विनंती केली आणि त्या तासाभरात घेऊन आल्या.

स्टीलच्या डब्याचे झाकण उघडताच जिऱ्या-तुपाच्या फोडणीचा वास आला. भाताशेजारी साबुदाण्याची खिचडी होती, मोकळी, दाणा दाणा सुटा, दाण्याच्या कुटाने माखलेली. मिरचीचे तुकडे निगुतीने वेचून काढलेले होते. "नुसता साबुदाणा कोण शिजवतं हो डॉक्टर? गिचका होतो त्याचा. तो तोंड तरी लावेल का?" आजींनी विचारले, आणि त्यांच्या बाजूने प्रश्न अगदी रास्त होता. पत्रकात मी 'साबुदाणा शिजवून' असे लिहिले होते, आणि आपल्याकडे या दोन शब्दांचा अर्थ खिचडी असाच होतो. त्या दिवशी फोनवर मीच त्यावर शिक्काही मारला होता.

काट्यावर हिशेब केला. रोजचा कूट सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे ९४ मिलिग्रॅम फॉस्फरस. शिवाय मिठाचा खडा. बोलता बोलता दुधाचाही उलगडा झाला: आजींच्या दोन्ही वेळच्या चहाच्या आधी मोतीला अर्धा-अर्धा कप दूध मिळते, मिळून २०० मिलिलीटर, म्हणजे आणखी पावणेदोनशेहून अधिक मिलिग्रॅम. सव्वादोनशेवर थांबायला हवा होता तो आकडा पाचशेला टेकला होता. दूध पत्रकात नव्हते, पण 'दूध नको' असेही पत्रकात कुठे नव्हते, आणि आजींच्या लेखी दूध हे जेवणात धरायचेच नसते.

पावडर आजही सुरू केली नाही. चूक कागदातली आहे, तिथेच दुरुस्त करायची.

१३ मार्च, गुरुवार

पत्रकाची तिसरी प्रत तयार केली. 'साबुदाणा' या ओळीखाली आता असे आहे: खिचडी नव्हे, दाण्याचा कूट, मीठ, जिरे, मिरची काही नको, साबुदाणा भिजवून पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, पेजेसारखा झाला तरी चालतो, तूप वरून घालावे आणि गरम असतानाच भातात कालवावा. 'जेवणाखेरीज तोंडात जाणारे सर्व' असा वेगळा रकाना काढला. दूध, बिस्कीट, प्रसाद, औषध भरवायला वापरलेला पेढा हे सगळे त्यात येते. पांढरा बलक काढल्यावर उरणाऱ्या पिवळ्या बलकाचे काय करायचे हा प्रश्न तीन घरांतून आला, म्हणून तेही लिहिले: घरातल्या मुलांच्या पोळ्याला वापरावा, कुत्र्याला घालू नये.

'पथ्य' हा शब्द सगळ्या पत्रकांवरून काढून टाकला. आपल्याकडे पथ्य म्हटले की माणूस काय सोडायचे तेवढेच ऐकतो, आणि दोन घरांनी पथ्य पाळायचे म्हणून कुत्र्याला एकवेळच जेवण देणे सुरू केले होते. आता शीर्षक 'रोजचे ठरलेले जेवण' असे आहे.

७ एप्रिल, सोमवार

मोती: फॉस्फरस ४.८, क्रिएटिनिन २.९, वजन ११.९ किलो. पावडरीवाचून उद्दिष्टाच्या आत. लॅब्रॅडॉर ३५.६ किलोवर आला आहे. संक्रांतीच्या स्पिट्झला पुन्हा त्रास झालेला नाही.

आजींनी एक वस्तू आपणहून आणली होती: स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे मार्च महिन्याचे कॅलेंडर. दुधाच्या रतिबाचा हिशेब त्या ज्या चौकोनात लिहितात त्याच चौकोनात १३ तारखेपासून खाली बारीक अक्षरात 'मो. २५०–४–२५' अशी नोंद होती: भात, अंडी, साबुदाणा. मी दिलेला छापील तक्ता कोरा होता. ३० तारखेच्या चौकोनात दुधाचा आकडा होता, मोतीची नोंद नव्हती. मी त्यावर बोट ठेवले तेव्हा आजी मुलाकडे पाहत म्हणाल्या, "पाडवा होता. चमचाभर श्रीखंड दिलं, मी नाही, ह्याने." मुलगा काही बोलला नाही.

ती नोंद मी 'जेवणाखेरीज' रकान्यात लिहून घेतली. पुढच्या प्रतीत छापील तक्ता काढून टाकायचा आहे आणि कॅलेंडरवर नोंद कशी करायची त्याचा नमुना द्यायचा आहे. मोतीची पुढची रक्ततपासणी ५ मे रोजी. तेव्हा एप्रिलचे पान आणायला सांगितले आहे.